पाटीवरची भाषा, चुलीपुढची भाषा

गेल्या हिवाळ्यात आपल्या तालुक्यातल्या एका गावच्या साहित्य संमेलनाला गेले होते. ग्रंथदिंडी झाली, झांजपथक झाले, ईशस्तवन झाले आणि पलीकडून आलेले उद्घाटक बोलायला उभे राहिले. आवाज दमदार होता. बोलता बोलता ते म्हणाले, "आयर्लंडकडे बघा! एवढासा देश, पण घटनेत आपल्या भाषेला पहिला मान. रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीवर स्वतःची भाषा वर आणि इंग्रजी खाली. याला म्हणतात भाषाभिमान!" मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. सवयीने माझेही हात वर गेले आणि मध्येच थांबले.

कारण त्याच वर्षीच्या मे महिन्यात मी त्या पाट्यांखालून तेरा दिवस एकटी गाडी चालवत हिंडून आले होते. उद्घाटकांनी सांगितले ते खोटे नव्हते. ते अर्धे होते. सीमाभागात आपण गेली सत्तर वर्षे अर्ध्या सत्यावर टाळ्या वाजवत आलो आहोत. म्हणून उरलेले अर्धे लिहायला बसले आहे. काहींना ते झोंबेल. झोंबावे म्हणूनच लिहिते आहे.

माझी मुलगी नोकरीनिमित्त डब्लिनला असते. तिला रजा मिळेना, तेव्हा तीच म्हणाली, "आई, तू खानापूरच्या घाटरस्त्यांवर गाडी चालवून शाळा केलीस, इथं काय घाबरतेस? इथंही डावीकडूनच चालवतात." आंतरराष्ट्रीय परवाना बेळगावहून काढून नेला होताच. भाड्याची लहान गाडी घेतली आणि निघाले: डब्लिनहून नैऋत्येला केरी, तिथून पश्चिम किनाऱ्याने क्लेअर, गॉलवे, डोनेगल, मग सरहद्द ओलांडून डेरी, बेलफास्ट आणि परत.

डब्लिन सोडताच पाट्या दिसू लागतात. वर तिरप्या अक्षरांत आयरिश नाव, खाली मोठ्या ठळक अक्षरांत इंग्रजी. कन्नडसक्तीविरुद्ध १९८६ साली मी कॉलेजातली पोर होते आणि मोर्चात होते. मराठी पाटीसाठी, मराठी सातबारासाठी आपण काय काय केले हे मी पाहिले आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी त्या पाट्या पाहून माझा ऊर भरून आला हे कबूल करते. वाटले, राज्य मिळाले की असे होते.

दुसऱ्या दिवशी लिमरिक ओलांडून ट्रलीजवळ एका घरगुती मुक्कामाला उतरले. मालकीणबाई माझ्याच वयाच्या. सकाळी चहा, काळसर पाव आणि लोणी पुढे ठेवून गप्पा मारत बसल्या. मी विचारले, "तुम्ही आयरिश बोलता?" त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, "तेरा वर्षं शाळेत शिकले. आता एकच वाक्य येतं. बाई, मी लघवीला जाऊ का?" नंतर कळले की हा विनोद त्या देशात जो तो सांगतो. आणखी तिघांकडून मी तो ऐकला. ज्या वाक्यावाचून शाळेत सुटका नाही, तेवढे डोक्यात राहिले. बाकीचे परीक्षेबरोबर गेले.

आता थोडे आकडे. आयर्लंडचा मोठा भाग १९२२ साली स्वतंत्र झाला. १९३७ च्या घटनेने आयरिश ही राष्ट्रभाषा आणि पहिली अधिकृत भाषा ठरवली. शाळेत ती सक्तीची झाली. १९७३ पर्यंत शालान्त परीक्षेत आयरिशमध्ये नापास म्हणजे पूर्ण परीक्षेत नापास, असा नियम होता. १९७२ ला आयरिश आकाशवाणी आली, १९९६ ला दूरचित्रवाहिनी आली, २००७ ला युरोपीय संघाची अधिकृत भाषा म्हणून मान मिळाला. सरकारने एका भाषेसाठी करायचे ते जवळजवळ सगळे केले. आणि २०२२ च्या जनगणनेत काय निघाले? आयरिश येते असे सांगणारे सुमारे १८ लाख ७४ हजार, म्हणजे शंभरात चाळीस. शाळेच्या तासाबाहेर ती रोज बोलणारे फक्त ७१,९६८. सहा वर्षांपूर्वीच्या गणनेपेक्षा त्यांची संख्या कमीच झाली.

बहात्तर हजार! स्वतःचे राज्य, स्वतःची घटना, स्वतःची संसद, एक तोंडी लावण्यापुरता विनोद आणि बहात्तर हजार माणसे. उद्घाटकमहाशय, पाटीच्या खाली हे आहे.

डिंगल नावाच्या केरीतल्या बंदरगावात तर पाटीचे पूर्ण पुराणच ऐकायला मिळाले. हे गाव 'गेल्टाख्त'मध्ये, म्हणजे कायद्याने आयरिशभाषक ठरवलेल्या भागात येते. २००५ साली सरकारी हुकूम निघाला की अशा भागांत इंग्रजी नावे पाट्यांवरून जातील, फक्त आयरिश राहील. 'डिंगल'चे 'अन् दँगन' झाले. गाव पर्यटकांवर जगणारे, साऱ्या जगाला ठाऊक असलेले नाव गेले म्हणून लोक बिथरले. पाट्यांवर कोणी रंगाने 'डिंगल' लिहू लागले. २००६ ला गावात मतदान झाले, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक मते दोन्ही नावे असावीत या बाजूने पडली. अखेर २०११ साली कायद्यात दुरुस्ती करून 'डिंगल' आणि 'दँगन ई खूश' अशी दोन्ही नावे मान्य झाली. बेळगावचे बेळगावी झाले त्या १ नोव्हेंबर २०१४ ची आठवण मला तिथे आली. आपल्यावर दुसऱ्याने नाव लादले, त्यांच्यावर त्यांच्याच सरकारने त्यांचेच जुने नाव लादले, हा फरक आहे. पण वरून आलेला हुकूम स्वतःच्या भाषेतला असला तरी तो हुकूमच असतो आणि लोक त्याला भाषेचे प्रेम समजत नाहीत, हे तिथे शिकले.

डिंगलहून डन क्वीनला गेले. रस्ता एवढा अरुंद की समोरून बस आली तर कोणी तरी मागे जायचे. एका बाजूला दगडी गडगे, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. पलीकडे ब्लास्केट बेट दिसते. त्या बेटावर भर वस्तीच्या काळातही दीडशेच्या आसपासच माणसे. पण त्या कोळ्या-शेतकऱ्यांच्या तोंडून आणि लेखणीतून आयरिश गद्याची उत्तम पुस्तके आली. तोमास ओ'क्रिहनचे आत्मकथन १९२९ साली छापले गेले. पेग सेयर्स या म्हातारीने आपली जन्मकथा सांगितली आणि मुलाने लिहून घेतली. दुकान नाही, डॉक्टर नाही, तरुण अमेरिकेला गेलेले. १९५३ साली उरलेल्या माणसांना सरकारने मुख्य भूमीवर आणले. आज बेटावर मोडक्या भिंती आहेत आणि अलीकडच्या तीरावर देखणे संग्रहालय आहे. पेगचे पुस्तक पुढे शाळेत लावले गेले आणि त्याचा तिटकारा करत पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या झाल्या. भाषा जिवंत होती तेव्हा बेटावर रस्ता नव्हता. आता बेटापर्यंतच्या रस्त्यावर पाटी आहे आणि बेटावर माणूस नाही. संग्रहालयाच्या मोठ्या काचेतून ते बेट बघताना मला आपली संमेलने आठवली. ग्रंथदिंडीतल्या पालखीत ज्ञानेश्वरी असते. ती पालखी ज्या घरांपुढून जाते, त्यांतल्या किती घरांत ती वाचता येणारे पोर आहे?

शॅनन नदीच्या मुखावर गाडीसकट तरीत बसून क्लेअरला उतरले आणि पावसात गॉलवेमार्गे कॉनेमारात शिरले. इथे पाट्यांवर इंग्रजी नावच नाही. 'वाट द्या' हेसुद्धा आयरिशमध्ये. रसमक नावाच्या खेड्याजवळ पॅट्रिक पिअर्सची झोपडी आहे. आयरिश भाषेच्या चळवळीतून वर आलेला शिक्षक, १९१६ च्या उठावाचा पुढारी, त्याच वर्षी ३ मे रोजी गोळ्या घालून मारलेला. उन्हाळ्यात इथे राहून तो आपली भाषा घोटून पक्की करी. तिथून परतताना वाटेतल्या दुकानात पाणी घ्यायला थांबले. दुकानदारीण बाई आणि काठी टेकत आलेला एक म्हातारा आयरिशमध्ये बोलत होते. 'दिया ग्विच' असे अभिवादन, म्हणजे देव तुझ्याबरोबर असो. आपल्या रामरामसारखेच. मी खूश झाले. एवढ्यात आतून सात-आठ वर्षांची तिची मुलगी आली. आईने तिला आयरिशमध्ये काही सांगितले. मुलगी उत्तरली इंग्रजीत. आईचे पुढचे वाक्य इंग्रजीत. म्हातारा खाली बघून सुटे पैसे मोजत राहिला.

वाचकहो, भाषा मरते तेव्हा असा आवाज होतो. गोळीबार नाही, लाठी नाही. आई विचारते एका भाषेत, लेक उत्तरते दुसरीत, आणि आई दुसरीकडे वळते.

२००७ साली आयरिश सरकारनेच करवून घेतलेल्या पाहणीने इशारा दिला होता की असेच चालले तर पंधरा-वीस वर्षांत गेल्टाख्तमध्येसुद्धा रोजच्या व्यवहाराची भाषा म्हणून आयरिश टिकणार नाही. ती मुदत आता भरली आहे.

हे घडले कसे? इंग्रजांनी केले, हे उत्तर सोपे आहे आणि त्यात तथ्यही पुष्कळ आहे. जमीन गेली, सत्ता गेली. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाखांवर माणसे मेली आणि तितकीच परदेशी गेली. मेले आणि गेले ते बहुतेक गरीब, पश्चिमेकडचे, आयरिश बोलणारे. १८५१ च्या गणनेत पंधरा लाखांवर आयरिशभाषक उरले होते. तेही बहात्तर हजारांवर येतात ते कशाने? त्या काळच्या शाळांत मुलाच्या गळ्यात एक लाकडी कांडी अडकवत. मूल आयरिश बोलले की तिच्यावर एक खाच, आणि संध्याकाळी खाचा मोजून छड्या. सगळ्यात कडू गोष्ट ही की या कामात मास्तरांना आईबापांची साथ होती. घरात तोंडून शब्द निघाला तरी आईबाप खाच पाडत. पोराला अमेरिकेला जायचे आहे, नोकरी मिळायची आहे, त्याचे भले व्हावे म्हणून! लोकांचा मोठा पुढारी डॅनियल ओ'कॉनेल, ज्याची स्वतःची मायबोली आयरिश, तोही म्हणे की ही भाषा गेली तर आपण उसासाही टाकणार नाही. पुढारी लोकांसाठी लढत होता आणि लोकांची भाषा सोडून देत होता. ओळखीचे वाटते ना?

आपल्याकडे ती कांडी नाही. आपण ती फी भरून विकत घेतो. गणवेशाबरोबर येते. "घरातही इंग्लिशच बोलायला सांगा हं," असे पालकसभेत बाई म्हणाल्या की आपण माना डोलावतो. आयरिश आईबापांपुढे उपासमार होती. आपल्यापुढे काय आहे? शेजाऱ्याचा मुलगा.

"पण पोटाचे काय?" हा प्रश्न येणारच. इंग्रजी नको असे मी म्हणतच नाही. माझी लेक इंग्रजीच्या जोरावर डब्लिनला आहे. पण ती आठवीपर्यंत मराठी शाळेत शिकली, तिथे इंग्रजीही शिकली, वाड्यातल्या पोरांत खेळून कन्नडही शिकली. कन्नड ही माझी वैरीण नाही, सक्ती वैरीण आहे. इंग्रजी बाहेरून आपोआप येते, कन्नड रस्त्यातून येते. मराठीला आत यायला एकच दार आहे, घराचे. ते आपण आतून कडी लावून बंद केले आहे आणि बाहेर पाटीसाठी भांडत उभे आहोत.

"मग पाट्या नकोत का?" हव्यात. कायद्याने भाषिक अल्पसंख्याकांना जी कागदपत्रे, जे हक्क मिळायचे ते मिळालेच पाहिजेत. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याचा निकालही लागलाच पाहिजे. त्यासाठी आज हाक आली तर उद्या मी रस्त्यावर येईन. पण पाटी हा पत्ता आहे, घर नव्हे. घर मोडल्यावर पत्ता सांभाळून काय करायचे?

डोनेगलमधून डेरीकडे जाताना सरहद्द लागते. लागते म्हणजे काय, कळतही नाही. चौकी नाही, शिपाई नाही. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते आणि वेगाचे आकडे किलोमीटरऐवजी मैलांत येतात, एवढेच. १९२१ साली देश तोडला गेला. पुढे सीमा आयोग नेमला, आणि १९२५ साली त्याचा अहवाल दाबून होती तीच रेघ कायम केली. तो अहवाल लोकांना बघायला मिळाला १९६९ साली. १९६७ च्या महाजन अहवालावर वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पलीकडे अडकलेले आयरिश म्हणजे त्यांच्यातले आपण. शहराच्या नावावरून तोच वाद. कागदोपत्री लंडनडेरी, एका समाजाच्या तोंडी डेरी, आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर 'लंडन'वर फासलेला रंग. ते बघून मी गाडीत एकटीच हसले. येळ्ळूरच्या फलकाचे २०१४ साली काय झाले हे ज्याने पाहिले त्याला ही रंगाची भाषा लगेच वाचता येते.

पण उत्तरेत मी गेले ती पाट्या पाहायला नव्हे. बेलफास्टच्या पश्चिम भागात शॉज रोड नावाचा रस्ता आहे. तिथे साध्या विटांच्या घरांची एक छोटी वसाहत आहे. बघण्यासारखे काही नाही, कोणी पर्यटक जात नाही. १९६० च्या दशकात चार-पाच तरुण जोडप्यांनी ठरवले की आपली मुले आयरिशमध्ये वाढवायची. त्यांच्यापैकी बहुतेकांची ती जन्मभाषा नव्हती, मोठेपणी शिकलेली होती. राज्य विरोधात, भाषेला सरकारदरबारी थारा नाही, खिशात पैसा नाही. त्यांनी वर्गणी काढून जागा घेतली, १९६९ च्या सुमारास घरे उभी केली आणि १९७१ ला नऊ मुलांची शाळा काढली. नऊ! सरकारी मदत मिळायला १९८४ साल उजाडले. तेरा वर्षे पालकांनीच ती शाळा जगवली. १९९१ ला माध्यमिक शाळा निघाली, तीही नऊच मुलांवर. आज तिथे शेकडो मुले आयरिशमध्ये शिकतात. १९६९ च्या दंगलीत त्या शहरातली बॉम्बे स्ट्रीट नावाची गल्ली जाळली गेली, तेव्हा ती पुन्हा बांधायला याच मंडळींतले हात होते. त्यांचे ब्रीद एवढेच: बोलू नका, करा.

स्वतःचे राज्य मिळालेल्या दक्षिणेत मला दुकानातली ती मुलगी भेटली. राज्य न मिळालेल्या उत्तरेत, शॉज रोडवर, सायकली टाकून आयरिशमध्ये भांडणारी पोरे भेटली. भांडणारी! शाळेत शिकलेल्या भाषेत कविता म्हणता येते. भांडण फक्त घरच्या भाषेत करता येते.

आता माझ्यावर येते, कारण दुसऱ्याला कांडी दाखवून स्वतः सुटणे बरे नव्हे. मी तेहतीस वर्षे मराठी शाळेत शिकवले. माझ्या वर्गाचा पट दरवर्षी घटताना पाहिला, घरोघरी जाऊन पालकांच्या विनवण्या केल्या. आणि माझा नातू? तो इंग्रजी शाळेत आहे. सुनेने विचारले होते, "आई, तुम्ही काय म्हणता?" मी म्हणाले, "तुम्हाला बरं वाटेल ते करा." मोर्चात घोषणा देणाऱ्या बाईला स्वयंपाकघरात एवढेच वाक्य सुचले.

परत आल्यावर मुलगा आणि नातू मला घ्यायला सांबऱ्याला आले होते. येताना गाडी एका जुन्या दुकानापुढे रहदारीत अडकली. कन्नड, मराठी, इंग्रजी, तिन्ही भाषांतली पाटी. नातवाने कन्नड ओळ वाचली, इंग्रजी वाचली. हिंदी शिकतो म्हणून मराठी अक्षरेही लावली: 'किराणा व भुसार मालाचे व्यापारी'. आणि मला विचारले, इंग्रजीतच, "आज्जी, भुसार म्हणजे काय?" अशाच पाटीसाठी मी वीस वर्षांची असताना रस्त्यावर उतरले होते. पाटी अजून आहे. ती समजणारा माझ्याच घरात राहिला नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तासभर तो माझ्यापाशी बसतो. मी मराठीशिवाय बोलत नाही. तो कुरकुरतो. परवा मात्र पतंगावरून मित्राशी भांडताना मराठीत दोन शिव्या हासडल्या. सून रागावली. मी नाही रागावले.

येत्या हंगामातही संमेलने भरतील, भरावीतच. मला निमंत्रण आले तर मी जाईन. एकच विनंती करीन: स्वागताध्यक्षांपासून उद्घाटकांपर्यंत प्रत्येकाने भाषणाआधी एवढेच सांगावे, की आपली नातवंडे कुठल्या शाळेत जातात आणि घरी कुठल्या भाषेत भांडतात. सुरुवात माझ्यापासून करा. मग खुशाल आयर्लंडवर बोला. टाळ्या मी वाजवीन.